बावीस जणी, एक हॉल आणि दोन किलोचे डंबेल्स: ताकदीचा वर्ग कसा बसवायचा?

बचतगट_राजारामपुरी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या आमच्या बचत गटातल्या २२ जणींसाठी १२ आठवड्यांचा ताकदीच्या व्यायामाचा वर्ग सुरू करायचा आहे. वय ३४ ते ५८, बहुतेकींचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २७ ते ३४. शाळेतल्या पीटीच्या तासानंतर कुणीच ठरवून व्यायाम केलेला नाही. सकाळी घरकाम, मग शिलाई मशीन नाहीतर दुकानाचा गल्ला, म्हणजे दिवसाचा मोठा भाग बसूनच. पाच-सहा जणी रंकाळ्यावर फिरायला जातात, पण अंगात ताकद नाही आणि उत्साह नाही ही तक्रार त्यांचीही आहेच.

हॉल साधारण ३० बाय २० फूट, फरशीचा. प्लास्टिकच्या १२ खुर्च्या, एक मोठं लाकडी टेबल, १ आणि २ किलोच्या डंबेल्सच्या १० जोड्या, ८ रबरी बँड. वेळ सोमवार आणि गुरुवार, सकाळी ११ ते १२.

विचारायचंय ते असं. कुणाला आधी डॉक्टरांकडे पाठवायचं? वजन किती हे कसं ठरवायचं? सात-आठ जणींचे गुडघे दुखतात, त्यांनी काय करायचं? आणि सगळ्यांचं लक्ष वजनकाट्यावर आहे. दोन आठवड्यांत काटा हलला नाही की वर्ग ओस पडेल अशी भीती वाटते. बरं वाटतंय की नाही हे मोजायची काही रीत आहे का?

---

लोखंड_उद्यमनगर

ताई, हॉल आणि खुर्च्या पुरेशा आहेत, डंबेल्स मात्र पुरणार नाहीत. दोन किलो हे खांद्यांसाठी सुरुवातीचं वजन झालं. पायांना आणि कमरेला ते जाणवणारसुद्धा नाही. भरलेली कळशी १० ते १२ किलोची असते. गिरणीतून दळणाचा १० किलोचा डबा याच बायका काखेत धरून आणतात. घरगुती सिलिंडरमध्ये नुसता गॅसच १४.२ किलो, टाकी धरून ३० च्या आसपास, आणि तोही त्या सरकवतात. त्यांच्या पायांना दोन किलो देऊन वीस-तीस वेळा हलवायला लावलं तर घाम येईल, हात भरून येतील, ताकद वाढणार नाही. वर्ग फसायचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे: वजन कधीच वाढत नाही, आणि सहाव्या आठवड्यात बाई पहिल्या दिवशी होती तिथंच असते.

म्हणून आधी सामान. वाळूच्या पिशव्या शिवून घ्या, गटात शिलाई येणाऱ्या आहेतच. जाड कॅनव्हासची पिशवी, आत प्लास्टिकच्या दोन पिशव्या, त्यात चाळून उन्हात वाळवलेली वाळू. ओली वाळू भरली तर वास येतो आणि सुकली की वजन घटतं. कोरडी वाळू लिटरला साधारण १.६ किलो भरते, म्हणजे ५ किलोला तीन लिटरच्या वर थोडी. किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून पिशवीवर आकडा रंगवा. ५, ८, १० आणि १२ किलोच्या प्रत्येकी दोन करा. शिवाय अर्ध्या किलोच्या १० छोट्या पुरचुंड्या, डंबेलच्या दांड्याला बांधता येतील अशा. त्या का लागतात ते पुढे येईल.

दोन महिन्यांनी पैसे जमले तर उद्यमनगरात २५ मिमीचा गोल लोखंडी बार १.२ मीटर कापून घ्या. त्याचं वजन ४.६ किलो भरतं. स्पर्धेतल्या बायकांच्या बारची जाडी २५ मिमीच असते, पुरुषांचा २८ चा. लहान पंजाला हा फरक मोठा असतो. जाड दांडा धरताना पाठ थकायच्या आधी बोटंच सुटतात.

आता व्यायाम. पाच पुरेत: खुर्चीवरून उठणं-बसणं, खुब्यातून वाकून वजन उचलणं, ढकलणं, ओढणं, आणि वजन घेऊन चालणं. खांद्यावरून वर ढकलणं चौथ्या आठवड्यानंतर.

*उठणं-बसणं.* खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय फरशीवर फाकतात, म्हणून खाली रबरी मॅट हवीच. पावलं खांद्याइतकी दूर, बोटं किंचित बाहेर. तीन आकडे मोजत खाली, बूड खुर्चीला टेकलं की लगेच वर. हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नसेल तर दोन खुर्च्या एकात एक रचा, बैठक उंच होते. यात दोन चुका हमखास दिसतात. पहिली, शेवटच्या वीतभर अंतरात धपकन बसणं. तिथंच मांडीला सगळ्यात जास्त काम असतं आणि तेच टाळलं जातं. दुसरी, उठताना गुडघे आत येणं. त्यावर मांड्यांभोवती, गुडघ्याच्या वर, हलका बँड बांधा. तो आत खेचायला लागला की बाई आपोआप गुडघे बाहेर ढकलते. बिनवजनाचं १२ वेळा नीट जमलं की ५ किलोची पिशवी छातीशी, कडेवर मूल घेतल्यासारखी घट्ट धरायची.

*वाकून उचलणं.* हे शिकवायला दोन-तीन दिवस जातात, पण त्यात घाई करू नका, कारण पाठ याच व्यायामात धरते. केरसुणीचा दांडा पाठीवर उभा धरायला लावा. डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड हे तिन्ही दांड्याला टेकलेले राहून वाकायचं. दोन्ही हातांत परात असताना मागचं दार पार्श्वभागानं ढकलून बंद करतो ना, तीच हालचाल. गुडघे थोडेच मोडतात. दांडा डोक्यापासून सुटला तर मान गेली, माकडहाडापासून सुटला तर कंबर गोल झाली. पिशवी जमिनीवरून उचलायला लावू नका. आधी खुर्चीवर ठेवून, म्हणजे गुडघ्याच्या उंचीवरून. मग दोन-दोन आठवड्यांनी एकेक पायरी खाली: बुटकं स्टूल, मग विटांवर पाट.

*ढकलणं.* भिंतीवरचे जोर, मग टेबलावरचे. टेबल भिंतीला लावलेलं हवं. *ओढणं.* एक हात टेबलावर, दुसऱ्या हातात डंबेल किंवा पिशवी, कोपर खिशाच्या दिशेनं मागे. खुर्चीच्या पाठीवर हात टेकू देऊ नका, ती उलटते. बँड खिडकीच्या गजाला बांधणार असाल तर दर वेळी ताणून बघा. रबराला बारीक तडे दिसले की फेकायचा, आणि डोळ्यांच्या उंचीवर कधीच बांधायचा नाही. *चालणं.* एका हातात पिशवी, हॉलच्या लांबीच्या दोन फेऱ्या, मग हात बदल. अंग वजनाच्या बाजूला झुकू द्यायचं नाही.

वजन ठरवायला डोक्यात एकच प्रश्न ठेवा. एका दमात, न थांबता केलेल्या वेळा म्हणजे एक सेट. तो संपल्यावर विचारा, "अजून किती वेळा जमलं असतं?" पहिले दोन आठवडे उत्तर चार-पाच आलं पाहिजे. तिसऱ्यापासून दोन-तीन. "अजून दहा" म्हणाली तर वजन कमी आहे. शेवटच्या दोन वेळी चेहरा वेडावाकडा आणि श्वास कोंडलेला असेल तर जास्त आहे. ८ ते १२ वेळांचा सेट. पहिल्या आठवड्यात एकच सेट, दुसऱ्या ते चौथ्यात दोन, पुढे तीन. सगळ्या सेटमध्ये १२ वेळा, आणि तेही सलग दोन वर्गांत नीट जमले तरच वजन वाढवायचं. पायांना २ ते ३ किलो, हातांना अर्धा किलो. पुरचुंड्या यासाठीच. २ वरून एकदम ३ किलो म्हणजे दीडपट. बाई अडकते, आणि "माझ्यानं होत नाही" हे मनात पक्कं बसतं.

पहिल्याच दिवशी उत्साहात शंभर बैठका हा प्रकार कुणालाही करू देऊ नका. नवख्या स्नायूंवर एकदम एवढा मारा झाला तर ते फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. दोन दिवसांनी लघवी कोऱ्या चहासारखी झाली, मांड्या सुजून दगडासारख्या झाल्या, तर घरी न थांबता थेट रुग्णालय. साधी अंगदुखी वेगळी. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि हिंडत-फिरत राहिलं की उतरते. हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर गुरुवारी निम्म्या येणार नाहीत.

२२ जणींची मांडणी: ११ जोड्या, पाच ठिकाणं. एक करते, दुसरी मोजते आणि बघते, मग अदलाबदल. दोघींचा एकेक सेट दोन मिनिटांत होतो. दोन सेट आणि जागा बदलणं धरून एका ठिकाणी ५ मिनिटं, तीन सेट झाल्यावर ७. आधी ७ मिनिटं अंग मोकळं करणं, शेवटी ५ मिनिटं. तीन सेटनंतरही तासाच्या आत उरकतं.

आणि कपडे. सुती कुर्ता-सलवार चालते, ओढणी बाजूला. साडी नेसून आल्या तर ब्लाउजची बाही काखेत धरते, हात कानापर्यंत जात नाही, मग कंबर मागे वाकवून हात वर नेला जातो. काचेच्या बांगड्या डंबेलच्या दांड्यावर फुटतात, त्या तासाभरासाठी रुमालात. मंगळसूत्र कुर्त्याच्या आत. छाती जड असलेल्यांना नीट आधार देणारी ब्रा नसेल तर पाठ आणि मान लवकर थकते. हे फक्त बायकांतच बोललं जातं, तेव्हा पहिल्या दिवशी तुम्हीच विषय काढा.

---

फिजिओ_कळंबा

वरचं सगळं मान्य. मी आधी डॉक्टरांकडे कुणाला पाठवायचं ते आणि गुडघे एवढंच लिहिते.

बीपी सगळ्यांचं मोजा. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकलेली, पाय जमिनीला. एक गोष्ट जवळपास सगळीकडे चुकते: दंडाचा घेर ३२ सेंमीच्या वर असेल तर मोठा कफ, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, लागतो. नेहमीचा कफ आवळून बांधला तर आकडा खोटाच वाढीव येतो, आणि जाड दंडाच्या बायकांना नसलेलं बीपी चिकटतं. १६०/१०० च्या वर आलं तर आधी डॉक्टर, मग वर्ग. १८०/११० किंवा त्याहून वर असेल तर व्यायाम बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.

चालताना छातीत दाब किंवा जबड्याकडे-हाताकडे जाणारी कळ, चक्कर येऊन पडणं, झोपल्यावर दम लागणं, यातलं काहीही असेल तर आधी तपासणी. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील, रक्तस्राव झाला असेल, तर जोर लावून उचलणं बंद. डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि सकाळी नीट खाल्लेलं नसेल, तर ११ वाजता साखर खाली जाऊ शकते. वर्गाआधी मोजून ९० च्या खाली आली तर एक केळं खाऊन मगच सुरुवात. हातपाय थरथरणं, दरदरून घाम, गोंधळल्यासारखं होणं दिसलं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत मोजा. हॉलमध्ये साखरेचा डबा कायम ठेवा.

हिमोग्लोबिन जरूर करून घ्या. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. वजन जास्त म्हणजे रक्त भरपूर, हा गैरसमज फार खोल आहे. दोन जिने चढून धाप लागते ती "जाडीमुळे" म्हणून सोडून दिली जाते, आणि तपासलं तर हिमोग्लोबिन ९. १२ च्या खाली असेल तर उपचार सुरू करा. ताकदीचा वर्ग सोबत चालू शकतो, पण ८-९ असताना "मन लावून कर" म्हणून काही उपयोग नाही. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, मध्ये दोन तास जाऊ द्यात. सतत थकवा, अंगदुखी, थंडी सोसत नाही असं असेल तर थायरॉइडचीही तपासणी.

आता न बोलला जाणारा भाग. शिंकताना, उडी मारताना, वजन उचलताना लघवी सुटणं. २२ पैकी बऱ्याच जणींना हे असेल आणि एकही हात वर करणार नाही. वर्ग मध्येच सोडण्यामागचं खरं कारण पुष्कळदा हेच असतं, सांगताना मात्र "पाहुणे आले होते" म्हणतात. प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारा. वर्गाआधी लघवीला जाऊन यायचं. उचलताना "हूं" करून श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. उड्या नकोत. लघवी मध्येच थांबवतो तसं आत-वर ओढून ६ ते ८ सेकंद धरणं, तेवढाच वेळ सोडणं, असं ८ ते १२ वेळा, दिवसातून तीनदा. ही ओढ नुसती ओळखण्यासाठी सांगितली. रोजचा सराव लघवी करताना करायचा नाही. फरक कळायला तीन महिने लागतात. अंग बाहेर येत असेल, बेंबीपाशी फुगवटा असेल किंवा गर्भपिशवी काढल्याचं ऑपरेशन अलीकडचं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय वजन नको.

गुडघ्यांचं. झिजलेल्या गुडघ्याला व्यायाम सोसत नाही हे खरं नाही. मांडीचे स्नायू कमजोर असले की प्रत्येक पायरीचा भार सांध्यावर येतो. नियम असा: दुखणं दहापैकी तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत उतरलं तर चालू ठेवा. त्याहून वर गेलं तर खुर्ची उंच करा किंवा सेट कमी करा. व्यायाम पूर्ण बंद मात्र करू नका. गुडघा नुसता वाजतो, दुखत नाही, त्याची काळजी नको. सूज, गरमपणा, गुडघा अडकणं किंवा एकदम दगा देणं असेल तर तपासणी.

मांडी घालून बसता येत नाही म्हणून रडवेल्या झालेल्यांसाठी आठव्या आठवड्यापासून जमिनीवर बसून उठणं वेगळं शिकवा: खुर्ची समोर, दोन्ही हात बैठकीवर, एक गुडघा टेकवून खाली, तसंच वर. आधी गादीवर. हे जमलं की देवापुढे बसणं, लग्नाच्या पंगतीला बसणं परत मिळतं.

---

तालीम_गंगावेस

ताई, तालमीकडनं दोनच गोष्टी. बायका आपल्या भावांचं, पोरांचं बघून जोर-बैठका मारायला जातील. तालमीतली बैठक टाच उचलून, चवड्यावर, पार खालपर्यंत असते. ती लहानपणापासून घडलेल्या गुडघ्यांसाठी. ८० किलोच्या अंगानं पहिल्या महिन्यात ती केली की गुडघ्याच्या वाटीमागं आग होते. खुर्चीचीच बरी, टाच जमिनीला.

दुसरं, मुद्गल. लाकडी, दोन-अडीच किलोचा एकच, दोन्ही हातांनी धरून खांद्यावरून पाठीमागं सोडायचा आणि फिरवून पुढं आणायचा. शिलाई मशीनवर वाकून आखडलेल्या खांद्यांना त्याच्यासारखं दुसरं नाही. पण सहाव्या आठवड्यानंतर, हात कानापर्यंत सरळ जात असेल तरच. भोवती दोन मीटर जागा मोकळी आणि तळवा कोरडा पाहिजे. घामेजल्या हातातनं मुद्गल सुटतोच. खास कातलेला मागवताना मुठीची जाडी सांगा, पैलवानाच्या मापाची मूठ बाईच्या हातात मावत नाही.

---

ताकभाकरी

सोमवार आणि गुरुवार! ताई, दोन्ही उपवासाचे वार. सोमवारी शंकराचा, गुरुवारी दत्ताचा नाहीतर स्वामींचा. निम्म्या जणी वरीचा भात नाहीतर साबुदाणा खाऊन येतील. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच. बुधवार-शनिवार करा. शनिवार धरणाऱ्या असतील तर आधी विचारून घ्या.

प्रथिनांचा हिशेब जास्तीच्या वजनावर न करता उंचीवर करा. उंची १५५ सेंमी असेल तर बीएमआय २३ ला वजन ५५ किलो येतं. राष्ट्रीय पोषण संस्थेचा रोजचा आकडा किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. ताकदीचा व्यायाम करताना १.२ पर्यंत न्या, म्हणजे ६५ ग्रॅमच्या आसपास. पावडरीच्या डब्याशिवाय होतं: एक मोठा कप दूध ८ ग्रॅम, दोन अंडी १२, कोरड्या ४० ग्रॅम मटकीची उसळ ९, ३० ग्रॅम डाळीची आमटी ७, ज्वारीच्या तीन मध्यम भाकरी १५, दीडशे ग्रॅम दही ५, मूठभर शेंगदाण्याची चटणी ७. झाले ६३. अंडी न खाणाऱ्यांनी २५ ग्रॅम कोरडे सोयाचे गोळे भिजवून भाजीत घातले की तेवढंच भरून निघतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका.

रविवारच्या मटणाबद्दल: प्रथिनं फोडींत असतात. तांबडा-पांढरा चार वाट्या ओरपला तरी पोटात जातं ते खोबरं, तीळ आणि तेल. फोडी चार जास्त घ्या, रस्सा एक वाटी.

वर्ग सुरू झाला की काही जणी त्याच आठवड्यात रात्रीचं जेवण सोडतील, कारण दोन्हीनं लवकर बारीक होऊ असं वाटतं. त्यांना अडवा. उपाशी अंगात ताकद चढत नाही, झोप बिघडते, आणि तिसऱ्या आठवड्यात चिडचिड करून वर्ग सुटतो.

---

बचतगट_राजारामपुरी

मनापासून आभार. वार बदलते, पिशव्या शिवायला दिल्या. लघवीचा मुद्दा डोक्यातसुद्धा नव्हता. आता उरलं काट्याचं आणि मनाचं. आणि एक अडचण: दहाव्या आठवड्यात नवरात्र येतंय. नऊ दिवस बऱ्याच जणींचे कडक उपवास आणि पहाटे अनवाणी अंबाबाईला जाणं. तेव्हा वर्ग बंद ठेवू का?

---

मनमोकळं

मोजायची रीत आहे. डब्ल्यूएचओ-५ नावाची पाच वाक्यांची छोटी प्रश्नावली १९९८ पासून जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत मन आनंदी होतं का, शांत आणि निवांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठताना ताजंतवानं वाटलं का, आणि रोजच्या जगण्यात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येकाला ० ते ५: कधीच नाही म्हणजे ०, सगळा वेळ म्हणजे ५. बेरजेला ४ नं गुणा, १०० पैकी आकडा मिळतो. सुरुवातीला, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात भरून घ्या. १० गुणांचा फरक खरा फरक धरतात.

भरायची पद्धत आकड्याइतकीच महत्त्वाची. गोल बसवून मोठ्यानं विचारलंत तर बाविसाव्या बाईपर्यंत सगळ्यांचं "बरं चाललंय" येईल. कागद एकटीनं भरायचा. वाचता येत नसेल तर तुम्ही बाजूला बसून वाचून दाखवा, शेजारणीला सांगू नका. ५० किंवा त्याखाली आकडा आला तर ते निदान नव्हे, पण तिच्याशी स्वतंत्र बोलायला हवं. फारच खाली असेल, झोप-भूक गेली असेल, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असेल, तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सोबत जा, किंवा टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर लावून द्या, तो दिवसरात्र चालू असतो.

ताकदीच्या व्यायामानं मनाला उभारी येते याला चांगला आधार आहे. जामा सायकायट्री या नियतकालिकात २०१८ मध्ये ३३ चाचण्यांचा, १८७७ व्यक्तींचा एकत्र आढावा आला होता. त्यात सगळ्या प्रकारची माणसं होती, फक्त जाड बायका नव्हेत. उदासीची लक्षणं कमी झाली, आणि ती कमी होणं ताकद किती वाढली यावर अवलंबून नव्हतं. तुमच्या वर्गासाठी याचा अर्थ मोठा आहे. १२ किलोवाली आणि ५ किलोवाली, दोघींनाही बरं वाटू शकतं, येत राहिल्या तर. म्हणून वर्गात पहिला-दुसरा नंबर नको, "आधी आणि नंतर"चे फोटो नकोत, कुणाचं वजन मोठ्यानं वाचणं नको. काटा हॉलमधून उचलून कपाटात ठेवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कामाला लागलेल्या स्नायूंत पाणी धरलं जातं आणि काटा किलोभर वरसुद्धा जातो. ज्यांनी तेवढ्यासाठी नाव घातलंय त्या तिथंच हिरमुसतात.

काट्याच्या जागी प्रत्येकीला एक पुठ्ठ्याचं कार्ड द्या, तिनं स्वतःच्या अक्षरात भरायचं. त्यावर चार गोष्टी: ३० सेकंदांत हात छातीवर बांधून खुर्चीवरून किती वेळा उठली, पिशवी कितीची, कमरेचा घेर, आणि एक ओळ तिच्या घरातली. घेर शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यावर घ्यायचा. आपल्याकडच्या स्त्रियांसाठी ८० सेंमीच्या वर धोका धरतात. चौथी ओळ सगळ्यात बोलकी असते: "जोतिबाच्या पायऱ्या कठडा न धरता चढले," "वरच्या फळीवरचा डबा स्टुलाशिवाय काढला." बाराव्या आठवड्यात काटा दीड-दोन किलोच उतरला असेल, पण पहिल्या दिवशी ९ वेळा उठणारी १४ वेळा उठलेली तिच्याच अक्षरात समोर दिसते.

---

लोखंड_उद्यमनगर

नवरात्राबद्दल. बंद ठेवू नका. नऊ दिवसांत ताकद फारशी उतरत नाही, सवय मात्र मोडते, आणि दसऱ्यानंतर दिवाळीची साफसफाई, फराळ, करता करता महिना जातो. वजन तेच ठेवा, सेट तीनाऐवजी एक. पूर्ण उपवासवालीला फक्त हात, खांदे आणि श्वासाबरोबरचं उठणं-बसणं, तेही बिनवजनाचं. निरंकार उपवास करणाऱ्यांनी येऊन नुसतं बसावं आणि जोडीदारणीचे आकडे मोजावेत. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी चालू असलेल्यांनी उपवासाच्या दिवशी व्यायाम करायचा नाही आणि गोळीचं काय करायचं ते नवरात्राच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचं. अनवाणी चालून तळव्याला फोड आले असतील तर वजन घेऊन चालणं त्या आठवड्यात गाळा. मधुमेह असलेल्यांचे तळवे रोज बघायला सांगा, संवेदना कमी असते, जखम कळत नाही.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या वर्गाला कार्डावरच्या आकड्यापेक्षा एक पायरी खालची पिशवी आणि दोन सेट. पुढच्या वर्गाला कार्डावरचं वजन, तिसरा सेट. आणि एक राहिलं: वाळूच्या पिशव्यांची शिवण महिन्यातून एकदा तपासा. कोपऱ्यातनं वाळू झिरपायला लागली की फरशीवर पाय घसरतो, तेव्हा कोपऱ्यांना आधीच दुहेरी टीप मारून घ्या.